बीएला समाजशास्त्र घ्यावं का? 26 वर्षं शिकवल्यावरचं माझं उत्तर

तुझा प्रश्न थोडक्यात परत लिहिते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. बारावी आर्ट्सला 76 टक्के, गाव सोलापूर जिल्ह्यातलं, शिक्षण मराठी मीडियम, अकरावी-बारावीला समाजशास्त्र होतं आणि आवडलं, पण पप्पा म्हणतात की ज्यांना दुसरं काही जमत नाही ती मुलं हा विषय घेतात. तर स्कोप आहे का, इंग्रजीचं काय करायचं, आणि घरी बसून मुक्त विद्यापीठातून केलं तर चालेल का.

मी 26 वर्षं हा विषय शिकवतेय, पहिली नऊ वर्षं तालुक्याच्या कॉलेजात आणि नंतर शहरात. माझं उत्तर आहे, घे. पण पाठांतर करून पास व्हायचं असेल तर खरंच घेऊ नकोस, मग पप्पांचंच बरोबर ठरेल.

कारण पप्पा जे बोलतायत ते हवेत बोलत नाहीयेत, त्यांनी आजूबाजूला बघितलेलं आहे. एफवायच्या हजेरीपटावर 120 नावं असतात, वर्गात 25-30 बसतात, बाकीचे परीक्षेच्या आठ दिवस आधी प्रश्नसंच घेऊन येतात आणि पास होतात. मी वर्षानुवर्षं पेपर तपासलेत. ‘विवाह म्हणजे काय ते सांगून विवाहाचे प्रकार स्पष्ट करा’ हा प्रश्न आला की एका गठ्ठ्यातल्या चाळीस पेपरांत तीच व्याख्या, तीच उदाहरणं, शुद्धलेखनाची चूकसुद्धा तीच, आणि ज्या मुलानं हे लिहिलंय त्याच्या स्वतःच्या घरी त्याच मे महिन्यात बहिणीचं लग्न झालेलं असतं, त्यासाठी किती स्थळं बघितली, कुठली नाकारली, का नाकारली, पैसे कोणाकडून आणले, हे सगळं त्यानं डोळ्यानं पाहिलेलं असतं, आणि त्यातलं एक अक्षर पेपरात येत नाही. मला याचं फार वाईट वाटतं. त्याला वाटतं अभ्यास वेगळा आणि घरचं वेगळं. तीन वर्षं असं केलं तर हातात कागद राहतो, दुसरं काही नाही.

आता हा विषय असतो कसा ते तुझ्याच जिल्ह्यातलं उदाहरण घेऊन सांगते. 2022 च्या डिसेंबरमध्ये सोलापुरात लग्नाळू मुलांनी कलेक्टर ऑफिसवर मोर्चा काढला होता, नवरदेवाच्या पोशाखात, घोड्यावर बसून, मुलगी मिळवून द्या म्हणून. तू पाहिला असशील, व्हिडिओ सगळीकडे फिरले होते. लोक हसले. समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही त्यावर चार तास घेतले. आधी मुलांना विचारलं, मुली का मिळत नाहीत? लगेच उत्तर आलं, मुलीच कमी आहेत. ठीक, मग आकडे काढा. महाराष्ट्रात 0 ते 6 वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुली 1991 ला 946 होत्या, 2001 ला 913, 2011 ला 894. म्हणजे कमी आहेतच, आणि गर्भलिंगनिदान बंदीचा कायदा महाराष्ट्रानं 1988 लाच केला होता, देशाच्या सहा वर्षं आधी, तरी आकडा घसरतच गेला. पण मग एका मुलीनं विचारलं, मॅडम, मुली कमी असतील तर त्या सगळ्यांनाच कमी पडायला पाहिजेत ना, मग नोकरीवाल्याला कशा मिळतात? तिथून खरा अभ्यास सुरू झाला. शेतीचे तुकडे किती झाले, दोन एकरवाल्याला कोण मुलगी देतं, मुली शिकल्यावर त्यांच्या अपेक्षा काय, मुलीच्या आईची अपेक्षा काय (ती बहुतेक वेळा मुलीपेक्षा जास्त ठाम असते, कारण तिनं स्वतः शेतात काढलेली असतात वर्षं), आणि जातीबाहेर बघायला किती घरं तयार आहेत. मुली कमी असूनही पोटजात सोडायची नाही म्हटलं की निवड अजून आवळते. यातलं कुठलं कारण किती मोठं, हे बसल्या जागी सांगता येत नाही, घरोघर जाऊन विचारावं लागतं. ‘मला असं वाटतं’ पासून ‘मी हे असं तपासलं’ इथपर्यंतचा जो रस्ता आहे ना, तो म्हणजे समाजशास्त्र.

अजून एक सांगते, हे मला एका विद्यार्थिनीनं शिकवलं. बीड जिल्ह्यातली होती, आईवडील ऊसतोडीला जायचे. आम्ही बालविवाहावर बोलत होतो आणि वर्गात नेहमीची कारणं चालली होती, अज्ञान, परंपरा, गरिबी. ती उठली आणि म्हणाली, मॅडम, आमच्याकडे मुकादम (मजूर गोळा करून नेणारा) माणसं मोजत नाही, कोयता मोजतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा पोरगा असेल तर तो अर्धा कोयता. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, कोयत्यावर मिळते, अर्ध्या कोयत्याला कमी. म्हणून पोराचं लग्न हंगामाच्या आधी उरकतात. वर्ग गप्प झाला. तिनं तीन वाक्यांत जे सांगितलं ते मला चार पुस्तकं वाचून वर्गाला सांगता आलं नव्हतं. कोयता हा शब्द आपण सगळे अवजार म्हणून ओळखतो, आणि तिथं तो मजुरीचं एकक आहे, आणि त्या एककात लग्न आधीच धरलेलं आहे. एकदा हे कळलं की मग ‘लोकांना जागृत केलं पाहिजे’ एवढ्यावर समाधान होत नाही, तू विचारायला लागतेस की उचल देण्याची पद्धत बदलली तर लग्नाचं वय बदलेल का, आईवडील सहा महिने गावाबाहेर असताना वयात आलेली मुलगी कोणाजवळ ठेवायची, हंगामी वसतिगृहं मुलींसाठी पुरेशी आहेत का. कारण कुठं शोधतो त्यावर उपाय कुठला सुचतो ते ठरतं.

बाबासाहेबांचं उदाहरण यासाठीच देते मी दरवर्षी. 9 मे 1916 ला कोलंबिया विद्यापीठात त्यांनी भारतातल्या जातींवर एक निबंध वाचला, वय 25 वर्षं. त्यात त्यांनी जातीचं मूळ सोवळं-ओवळं, धंदे, पंगती यात धरलं नाही, सरळ लग्नावर बोट ठेवलं. गट बंद ठेवायचा असेल तर गटातल्या लग्नाच्या वयाच्या बायका आणि पुरुष यांची संख्या जुळती राहायला पाहिजे. नवरा मेला की बाई शिल्लक राहते, बायको मेली की पुरुष शिल्लक राहतो. शिल्लक बाई गटाबाहेर लग्न करेल किंवा गटातल्या दुसरीचा नवरा अडवेल, म्हणून एक तर तिला जाळा नाही तर विधवा म्हणून तिला आयुष्यभर बांधून ठेवा, आणि शिल्लक पुरुषासाठी लग्नाचं वय न झालेली मुलगी आणा. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह, तिन्ही प्रथा त्यांनी एका गणितात बसवून दाखवल्या. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोन दिवस दुसरं काही सुचलं नव्हतं. मग 2022 च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद करायचा ठराव केला तेव्हा मी वर्गात तो निबंध आणि तो ठराव शेजारी शेजारी ठेवले. शंभराहून जास्त वर्षांचं अंतर, पण मुलांना कुठलंही वेगळं स्पष्टीकरण द्यावं लागलं नाही.

म्हणून मी एफवायच्या पहिल्याच आठवड्यात मुलांना एसटी स्टँडवर नेते. एक तास बसायचं, मोबाइल पिशवीत, वहीत फक्त जे दिसतं ते लिहायचं, मत लिहायचं नाही. पहिल्या वेळी बहुतेकांच्या वहीत ‘खूप गर्दी होती, अस्वच्छता होती’ एवढंच येतं. एका मुलानं लिहिलं होतं, ‘विशेष काही नाही’. मी त्याला म्हटलं, परत जा आणि फक्त बाकडी बघ. दुसऱ्या दिवशी तो दोन पानं घेऊन आला. सहा बाकडी, त्यातली चार पूर्ण पुरुषांनी भरलेली, दोन पुरुष पाय पसरून झोपलेले, बायका बाकड्याच्या शेवटच्या टोकाला किंवा खाली सामानाजवळ, एक बाई रिकाम्या जागेशेजारी उभी राहिली पण बसली नाही कारण दोन्ही बाजूला पुरुष होते, आणि तिच्यासोबतचा सात-आठ वर्षांचा मुलगा मात्र तिथं जाऊन बसला. हे शेवटचं त्यानं दोनदा अंडरलाइन केलं होतं. त्याला कोणी लिंगभाव, सार्वजनिक अवकाश हे शब्द अजून शिकवले नव्हते. शब्द नंतर आले, आणि आले तेव्हा त्याला ते पाठ करावे लागले नाहीत.

हे बघणं सोपं नसतं, आणि शिकलेल्या माणसालाही चकवतं. मी एमए झाल्यावर एका पाहणीत कामाला होते, गावात घरोघर जाऊन अनुसूची भरायची, म्हणजे आपण प्रश्न विचारून उत्तरं लिहायचा छापील कागद. त्यात एक प्रश्न होता, ‘घरात कोण कोण काम करतं?’ एका दारात बाई नुकती खुरपणीवरून आलेली, हाताला माती, डोक्यावर गवताचा भारा उतरवला आणि मला म्हणाली, मालक करतात, मी घरीच असते. आणि मी लिहिलं, गृहिणी. अशा तीस-चाळीस बायकांपुढे मी गृहिणी लिहिलं असेल. संध्याकाळी आमच्या सिनिअर ताईंनी कागद बघितले आणि विचारलं, या गावात खुरपणी कोण करतं मग? प्रश्नच चुकला होता. तिच्या लेखी पैसे मिळतात ते काम, घरच्या शेतात राबणं हे काम नाहीच. दुसऱ्या दिवसापासून आम्ही विचारायला लागलो, ‘काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलं ते सांगा’, आणि त्याच घरांतून वेगळाच समाज बाहेर आला. सरकारनं 2019 मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली तेव्हा त्यांनीही असंच केलं, दिवसाचे तास विचारले, आणि आकडा आला की घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यात रोज सरासरी 299 मिनिटं घालवतात आणि ते करणारे पुरुष 97 मिनिटं. जो आकडा पेपरात छापून येतो त्याच्यामागे कोणीतरी कोणाला तरी कुठल्या शब्दांत प्रश्न विचारलेला असतो, हे मी तेव्हा शिकले. संशोधन पद्धतीचा पेपर मुलांना सगळ्यात कंटाळवाणा वाटतो, प्रश्नावली आणि अनुसूचीतला फरक, नमुना निवड वगैरे, पण तुला पुढं पोटापाण्याला सगळ्यात जास्त हाच पेपर उपयोगी पडणार आहे, तो सोडू नकोस.

बाकी तीन वर्षांत काय काय असतं ते पटकन सांगते. पहिल्या वर्षी मूलभूत संकल्पना, दर्जा, भूमिका, गट, संस्था, सामाजीकरण, स्तरीकरण. मग भारतीय समाज, जात, आप्तसंबंध, ग्रामीण-शहरी, आदिवासी. मग विचारवंत, कॉम्त, मार्क्स, डरखाइम, वेबर. इथं मुलं घाबरतात. घाबरायचं नाही, प्रत्येकाला एक प्रश्न पडला होता आणि तो प्रश्न कळला की अर्धं काम होतं. डरखाइमनं 1897 मध्ये आत्महत्येवर पुस्तक लिहिलं ते ‘आत्महत्येचे चार प्रकार’ सांगायला लिहिलेलं नाही, त्याला दिसलं की वेगवेगळ्या देशांचा आणि गटांचा दर वर्षानुवर्षं बराचसा तसाच राहतो, माणसं बदलतात पण दर बदलत नाही, म्हणजे इतक्या खाजगी वाटणाऱ्या गोष्टीतही गटाचं काहीतरी काम करतंय, ते काय? हा प्रश्न कळला की प्रकार आपोआप लक्षात राहतात.

आणि हा विषय परदेशातून आलेला आहे, आपल्याशी काय संबंध, असं कोणी म्हटलं तर त्यांना सांग की मुंबई विद्यापीठात 1919 लाच समाजशास्त्राचा विभाग निघाला, पॅट्रिक गेडिस नावाच्या नगररचनाकारानं सुरू केला आणि 1924 पासून तो सांभाळला मालवणात जन्मलेल्या गो. स. घुर्ये यांनी. इरावती कर्वे त्यांच्या विद्यार्थिनी, म्हैसूरचे एम. एन. श्रीनिवास त्यांचे विद्यार्थी, ए. आर. देसाई त्यांचे विद्यार्थी. श्रीनिवासांचं संस्कृतीकरण (खालची मानलेली जात वरच्या जातीच्या चालीरीती उचलते ते), प्रभावी जात (गावात संख्या, जमीन आणि सत्ता हातात असलेली), हे तू पेपरात लिहिणार आहेस ती परंपरा मुंबईतून निघालीय. आणि विद्यापीठाच्या बाहेर तर त्याच्याही आधी, त्र्यंबक नारायण आत्र्यांचं ‘गाव-गाडा’ 1915 चं आहे, बलुतेदार-अलुतेदार गावात प्रत्यक्ष कसे जगत होते हे त्यांनी ज्या बारकाईनं लिहिलंय ते वाच. जोतीरावांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ 1883 चा, ताराबाई शिंद्यांची ‘स्त्री-पुरुष तुलना’ 1882 ची. विदर्भातल्या बुलढाण्यात बसून एका बाईनं एका विधवेला झालेल्या शिक्षेवरून समाजाला उलटे प्रश्न विचारलेत. मराठी मुलीला या विषयात परकं वाटायचं काही कारणच नाही.

आता इंग्रजी. खरं सांगते, बीए मराठीतून आरामात होतं आणि चांगलंही होतं. एमएला अडतं, कारण वाचायचं जे असतं ते बहुतेक इंग्रजीत. म्हणून पहिल्या दिवसापासून प्रत्येक संकल्पना दोन्ही भाषांत वहीत लिहायची, आणि रोज एक पान इंग्रजी वाचायचं, एकच, पण रोज. आधी मराठीत विषय समजून घे मग तेच इंग्रजीत वाच, उलटं करू नकोस. बाबासाहेबांचा तो 1916 चा निबंध याला फार चांगला, छोटा आहे, इंग्रजी स्वच्छ आहे आणि मराठी अनुवाद मिळतो. दोन्ही शेजारी ठेवून वाच. माझ्या तीन विद्यार्थिनी अशाच तयार झाल्या, एकीचं आता पीएचडीचं काम इंग्रजीत चाललंय, आणि एफवायला ती माझ्याशी इंग्रजीत एक वाक्य बोलायला तयार नव्हती.

स्कोपबद्दल मी गोड बोलणार नाही. नुसत्या बीए समाजशास्त्रावर थेट नोकरी देणाऱ्या जागा फार थोड्या आहेत. पदवी लागते अशा सगळ्या स्पर्धा परीक्षा देता येतात, ते कुठल्याही बीएला येतं. यूपीएससीला समाजशास्त्र ऑप्शनल घेता येतं, 250-250 चे दोन पेपर, आणि मराठीतून लिहिता येतं. राज्यसेवेची मुख्य परीक्षाही आता वर्णनात्मक झालीय, त्यामुळे ज्याला मुद्दा मांडून लिहिता येतं त्याला फायदा. पण एक कळकळीची विनंती, फक्त परीक्षेसाठी म्हणून हा विषय घेणार असशील तर दुसरा एक रस्ता हातात ठेव, पुण्यात पेठेत खोल्या करून सहा-सहा वर्षं काढलेली मुलं मी बघितलीत, त्यांच्या आयांचे फोन मला येतात.

प्राध्यापक व्हायचं असेल तर एमएला 55 टक्के आणि नेट किंवा सेट (प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा), आणि त्यानंतरही कायम जागा मिळेपर्यंत तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाच्या मानधनावर, काढावी लागतात वर्षं, सुट्टीत पगार नसतो. हे माहीत असून यायचं. ज्युनिअर कॉलेजला एमए बीएड लागतं. इथं एक गोष्ट कोणी सांगत नाही, शाळेत दहावीपर्यंत समाजशास्त्र हा स्वतंत्र विषयच नाही, त्यामुळे शाळेत शिक्षिका व्हायचं मनात असेल तर सोबत इतिहास, भूगोल किंवा एखादी भाषा असलीच पाहिजे, नाही तर बीएडला पद्धती (कुठला विषय शिकवायचा ते) निवडताना अडकशील. दुसरी गफलत म्हणजे एमए समाजशास्त्र आणि एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) एकच समजणं. हॉस्पिटलमधला समाजसेवा अधीक्षक, कारखान्यातला कामगार कल्याण अधिकारी, अशा जागांना समाजकार्याची पदवी मागतात. तुला लोकांसोबत थेट काम करायचंय का लोकांचा अभ्यास करायचाय, हे टीवायला येईपर्यंत ठरव. समाजकार्यासाठी टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) आहे, 1936 पासूनची संस्था, तुळजापूरलाही त्यांचा कॅम्पस आहे, तुला सोलापूरहून जवळ. एमएच्या बऱ्याच केंद्रीय संस्थांना सीयूईटी पीजी ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा द्यावी लागते.

मग माझे विद्यार्थी कुठं आहेत? पोलिसात आहेत, ग्रामसेवक आहेत, बचत गटांच्या कामात आहेत, दोन पत्रकार, तीन वकील, आणि बरेच जण पाहण्या करणाऱ्या संस्थांत, एनजीओत. या शेवटच्या क्षेत्रात मला माणसं मागायला फोन येतात, आणि मागणी नेहमी सारखीच असते, गावात जाऊन बोलता येणारा, ऐकलेलं नीट लिहिता येणारा आणि एक्सेल येणारा मुलगा-मुलगी द्या. मार्क कोणी विचारत नाही. 40 जणांच्या वर्गातून असे चार द्यायला मला जड जातं. 2027 च्या जनगणनेत जातीचीही मोजणी होणार आहे, 1931 नंतर पहिल्यांदा सगळ्या जातींची, ते आकडे आल्यावर ते वाचू शकणारी, त्यातलं खोटं-खरं ओळखू शकणारी मराठी माणसं लागतील. तू तेव्हा पदवीच्या शेवटाला असशील. म्हणून दुसरा विषय निवडताना अर्थशास्त्र किंवा भूगोल घे असं मी म्हणेन, आकडे आणि नकाशा यांची भीती जाते. तुझ्या गावाची 2011 ची माहिती जिल्हा जनगणना पुस्तिकेत आहे, नेटवर फुकट मिळते, आजच काढून बघ किती घरं, किती मजूर, किती साक्षर बायका.

कॉलेज निवडताना नाव बघू नकोस, ऑफिसात जाऊन दोन गोष्टी विचार. समाजशास्त्र शेवटच्या वर्षापर्यंत मेजर, म्हणजे मुख्य विषय म्हणून आहे का, कारण बऱ्याच ठिकाणी ते पहिली दोन वर्षं असतं आणि टीवायला विद्यार्थी कमी म्हणून बंद करतात, मग तुला विषय बदलायला लावतात. आणि विभागात कायम शिक्षक किती. तासिका तत्त्वावरचे शिक्षक वाईट शिकवतात असं अजिबात नाही, माझ्या माहितीतले कितीतरी उत्तम आहेत, पण ते पुढच्या वर्षी असतीलच असं नाही आणि तुझा प्रकल्प मध्येच पोरका होतो. नव्या शैक्षणिक धोरणात चौथं वर्ष ऑनर्सचं किंवा संशोधनाचं आहे, जमलं तर कर, नाही तर तीन वर्षांची पदवी घेऊन बाहेर पडता येतं.

मुक्त विद्यापीठाचं विचारलंस. घरची परिस्थिती किंवा घरचा विरोध यामुळे तेवढाच पर्याय असेल तर बिनधास्त कर, पदवी मान्य आहे आणि पुस्तकं मराठीत चांगली असतात. पण जमत असेल तर वर्गात ये. कोयत्याची गोष्ट मला वर्गात कळली, घरी बसून पुस्तकात नसती सापडली. वेगवेगळ्या जातीची, वेगवेगळ्या गावची मुलं एका बाकावर बसून आपल्या घरचं सांगतात तेव्हा आपलं घर हे जगातलं एकमेव घर नाही हे कळतं. घरीच राहावं लागलं तर दोन-तीन जणींचा गट कर आणि आठवड्यातून एकदा भेटा, वाचलेलं एकमेकींना सांगा.

कॉलेज सुरू व्हायला अजून तीन-चार आठवडे असतील. तेवढ्यात एक काम कर. आजी आहे का घरी? आजी नसेल तर चुलत आजी, शेजारची म्हातारी, कोणीही. तिच्याजवळ बस आणि घराण्याचा आप्तसंबंधाचा तक्ता काढ, पुरुषाला त्रिकोण, बाईला गोल, लग्नाला दोन आडव्या रेघा. घुर्ये केंब्रिजला ज्यांच्याकडे शिकले त्या रिव्हर्स या मानववंशशास्त्रज्ञाची ही पद्धत, 1898 च्या ऑस्ट्रेलियाजवळच्या टोरेस सामुद्रधुनीच्या मोहिमेपासूनची. तीन पिढ्या मागे जा. प्रत्येक गोलाखाली त्या बाईचं माहेरचं गाव लिही आणि लग्नाच्या वेळचं वय लिही, आजीला साल आठवणार नाही, तेव्हा विचार दुष्काळाच्या आधी का नंतर, 1972 चा दुष्काळ सगळ्यांना आठवतो. मामाची मुलगी किती जणांनी केलीय ते बघ, इरावतीबाईंनी महाराष्ट्र हा उत्तर आणि दक्षिणेच्या मधला पट्टा का म्हटलाय ते तुझ्याच तक्त्यात दिसेल, चुलत भावंडं सख्खी मानतात पण मामाची मुलगी चालते. मग ती सगळी माहेरं जिल्ह्याच्या नकाशावर टाक, आजीच्या पिढीची एका रंगानं, आईच्या पिढीची दुसऱ्या, बहिणींची तिसऱ्या. तक्त्यातल्या कुठल्या बाईचं नाव आजीला सांगता आलं नाही, नुसतं ‘अमक्याची बायको’ म्हणाली, तिथं गोल रिकामा ठेव, खोडू नकोस. असे किती रिकामे गोल राहिले ते मोजून मला कळव, पप्पांनाही तो कागद दाखव.